चोरीला गेलेला लॅपटॉप ऑनलाइन जाहिरातीत दिसला, तर मालकाने स्वतः विक्रेत्याशी बोलावं का?

रानवारा (धागाकर्ता)

माझा भाचा पुण्यात पेठेत कॉट बेसिसवर राहतो, स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. पहाटे खोलीतला एक मुलगा अभ्यासिकेत गेला, दार नुसतं लोटलेलं राहिलं आणि टेबलावरचा लॅपटॉप गेला. चार्जर भिंतीलाच. विद्यार्थ्यांच्या खोल्यांत चोऱ्या बहुतेक अशाच होतात. चोर कुलूप तोडत बसत नाही, पहाटे जिने चढतो आणि दारं ढकलून बघतो.

चौकीत आधी 'गहाळ'चा अर्ज लिहून घेतला होता. गहाळ अर्जावर कुणी तपास करत नाही, म्हणून पुन्हा जाऊन चोरीचा गुन्हाच नोंदवून घेतला. त्यानंतर आम्ही जे केलं त्यावरून घरात दोन तट पडलेत.

भाचा रोज जुन्या वस्तूंच्या अ‍ॅपवर आपलं मॉडेल शोधू लागला. संशयाची जाहिरात थोड्या सरावाने ओळखू येते. चार्जर नाही, बिल नाही, खोका नाही. भाव चालू दराच्या निम्म्याने. फोटो चादरीवर ठेवून घाईत काढलेला, स्क्रीन बंद. खातं नवं, आणि त्याच खात्यावर वेगवेगळ्या कंपन्यांचे लॅपटॉप. अशाच एका जाहिरातीत त्याला उजव्या बिजागरीजवळची चीर दिसली, झाकणावर स्टिकर खरवडल्याची खूण दिसली.

त्याने स्वतःच्याच नंबरवरून, फोटो लावलेल्या खात्यावरून गिऱ्हाईक म्हणून चॅट केलं. रॅम किती आहे ते बघायचंय, बायोसच्या (लॅपटॉप सुरू होताना उघडणाऱ्या, यंत्राची माहिती दाखवणाऱ्या) स्क्रीनचा फोटो टाका म्हणाला. फोटोत सिरियल नंबर आला, बिलावरचाच. भेटायची जागा-वेळ ठरवली आणि सगळं तपास अंमलदारांना दाखवलं. साध्या वेशातले पोलीस गेले, लॅपटॉप जप्त झाला.

माझं मत स्पष्ट आहे. मालकाने शोधलंच पाहिजे आणि विक्रेत्याशी बोललंही पाहिजे. आपल्या वस्तूवरची चीर आपल्यालाच माहीत असते. बंदोबस्त, मारामाऱ्या, अपघात यांत अडकलेलं ठाणं एका लॅपटॉपसाठी रोज जाहिराती चाळणार नाही, आणि त्यासाठी त्यांना दोष देण्यातही अर्थ नाही. सिरियल नंबर हाती येईपर्यंतचं काम आपलं, पुढचं पोलिसांचं. बहीण आणि मेहुणे म्हणतात, मी पोराला धोक्यात घातलं. तुम्हाला काय वाटतं?

सांगलीची हळद

रानवारादादा, मी तुमच्या बहिणीच्या बाजूने.

तुम्ही म्हणता भाच्याने लॅपटॉप ओळखला. अहो, पण चोर भाच्याला किती ओळखतो याचा विचार केलात का? तो त्या खोलीत येऊन गेलाय. लॅपटॉपमध्ये मुलाचं आधार, मार्कशीट, गावाकडचा पत्ता, घरच्यांचे फोटो असणार. आणि हा मुलगा स्वतःच्या नंबरवरून, स्वतःचा फोटो लावलेल्या खात्यावरून चॅट करतो. समोरच्याने चेहरा ताडला असता तर?

दुसरं, बायोसचा फोटो मागणारं गिऱ्हाईक रोज भेटत नाही. विकणारा मुरलेला असला की तिथेच सावध होतो. जाहिरात उडते आणि लॅपटॉपची स्क्रीन एकीकडे, रॅम दुसरीकडे, एसएसडी तिसरीकडे जाते. मग सिरियल नंबर घेऊन काय करणार? जाहिरातीचा दुवा आणि स्क्रीनशॉट पोलिसांना द्यायचे, एवढाच आपला भाग. कंपनीकडून खातेदाराची माहिती लेखी मागवायचा अधिकार त्यांना आहे, आपल्याला नाही.

नाशिककर

ताई, दुवा देऊन काय होतं ते मी बघितलंय. माझ्या गाडीची काच फोडून बॅग नेली होती. जाहिरात सापडली, स्क्रीनशॉट दिले, अर्ज दिला. पत्र जाऊन उत्तर येईपर्यंत जाहिरात गेली, तो नंबरही बंद झाला. जाहिरात दिसली तो दिवसच आपल्या हातात असतो. चॅट करून समोरच्याला गुंतवून ठेवलं नाही तर माल दुसऱ्याच्या घरी जातो. धोका आहे हे मान्य, पण वेगळा नंबर आणि फोटो नसलेलं खातं वापरलं की तो बराच कमी होतो. धागाकर्त्यांशी पूर्ण सहमत. भेटही त्यांनीच ठरवली हे उत्तम केलं.

काळाकोट

वकिली करतो, म्हणून कायद्यापुरतं लिहितो.

आधी गुन्हा नोंदवणं. १ जुलै २०२४ नंतरच्या चोरीला भारतीय न्याय संहितेचं (जुन्या दंडसंहितेच्या जागी आलेल्या कायद्याचं) कलम ३०३(२) लागतं. राहत्या खोलीतून चोरी असेल तर कलम ३०५, सात वर्षांपर्यंत शिक्षा. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने ललिता कुमारी प्रकरणात २०१३ सालीच सांगितलंय. टाळाटाळ झाली तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) खाली अधीक्षकांकडे, शहरात उपायुक्तांकडे लेखी तक्रार, तरीही नाही झालं तर न्यायदंडाधिकारी. एफआयआर नसेल तर जाहिरात सापडूनही हातात काही येत नाही.

आता मूळ प्रश्न. गिऱ्हाईक म्हणून चौकशी करणं गुन्हा नाही. चॅट पुसू नका, ज्या फोनवर केलं तो फोनही जपा. इलेक्ट्रॉनिक पुराव्याला नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. इथवर मी रानवारांच्या बाजूचा.

पण भेट ठरवणं मला पटत नाही. ठरलेल्या वेळी पोलीस दुसऱ्या कामावर गेले, तर मुलगा आणि त्याचे मित्र तिथे जाणारच. सामान्य माणसाला एखाद्याला पकडायचा अधिकार नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० मध्ये आहे, पण अजामीनपात्र आणि दखलपात्र गुन्हा आपल्या समोर घडला असेल तरच (न्यायालयाने फरार म्हणून घोषित केलेला गुन्हेगार असेल तर गोष्ट वेगळी). चोरी तुमच्या समोर झालेली नाही. विक्रेत्याला घेरलं, कोंडून ठेवलं, हातातून लॅपटॉप ओढला, तर फिर्यादीचाच आरोपी व्हायला वेळ लागत नाही. जागा आणि वेळ पोलिसांना ठरवू द्या.

आणखी एक. "पैसे द्या, मी मिळवून देतो" म्हणणारा मध्यस्थ या प्रकरणांत हमखास उगवतो. चोर पकडून देण्यासाठी काहीही न करता नुसता माल मिळवून देण्याचे पैसे घेणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. पूर्वी दंडसंहितेत २१५, आता न्याय संहितेत २५२. त्याला पैसे देऊ नका, त्याचं नाव पोलिसांना द्या.

जुनाबाजार

माझं जुन्या लॅपटॉपचं दुकान आहे. धाग्यात संशयाच्या ज्या खुणा सांगितल्यात त्या वाचून राहवलं नाही.

कंपन्या तीन-चार वर्षं वापरलेले लॅपटॉप लॉटने काढतात. त्यांना खोका नसतो. बिल कंपनीच्या किंवा लीजवाल्याच्या नावावर, तेही अख्ख्या लॉटचं एकच. चार्जर निम्म्यांना नसतात. झाकणावर खरवडल्याची खूण तर असतेच, कारण तिथे कंपनीचा मालमत्ता क्रमांक चिकटवलेला असतो आणि देताना तो काढतात. एकाच खात्यावर तीन कंपन्यांचे लॅपटॉप नसतील तर मी व्यापारी कसला? बॅटरी गेलेली असली की भाव निम्मा होतो. म्हणजे तुमच्या यादीप्रमाणे माझी प्रत्येक दुसरी जाहिरात चोरीची.

हे घडलंय म्हणून सांगतो. एक मुलगा चार जणांना घेऊन दुकानात आला, बाकीच्या गिऱ्हाइकांसमोर "हा माझा चोरलेला लॅपटॉप" म्हणून आवाज चढवला, एकाने व्हिडिओ काढला. सिरियल नंबर जुळला नाही. ते निघून गेले, पण व्हिडिओ आमच्या भागात फिरला आणि मला महिनोन्‌महिने लोकांना खुलासे द्यावे लागले. माझ्याकडे विकणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत असते, वहीत सिरियल नंबर असतो, सही असते. विचारलं असतं तर दाखवलं असतं.

चीर, डाग, खरवडलेलं झाकण यावरून कुणाला चोर म्हणू नका. एकाच कारखान्यातून निघालेल्या मॉडेलची बिजागरी एकाच जागी तडकते, हे आम्ही रोज बघतो.

रानवारा

जुनाबाजार, तुमच्याबाबत झालं ते वाईटच, आणि म्हणूनच मी सिरियल नंबरवर अडून बसतो. भाच्याने कुणावर आरोप केला नाही, कुठे फोटो टाकला नाही, मित्रांच्या ग्रुपवरही दुवा दिला नाही. नंबर जुळला तेव्हा पहिला फोन ठाण्यात गेला. खुणा फक्त कुठे विचारायचं ते सांगतात. शेकडो जाहिरातींतून दहा निवडायला त्या लागतातच.

पुढचं सांगायचं राहिलं. लॅपटॉप घेऊन आलेला मुलगा चोर नव्हता. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षातला विद्यार्थी. त्याने तो कुणाकडून तरी रोख पैसे देऊन, बिलाशिवाय घेतला होता. कोडिंगला कमी पडतो म्हणून परत विकायला काढला. बाकीचे लॅपटॉप त्याच्या वर्गमित्रांचे, खातं तेवढं त्याचं.

सांगलीची हळद

बघा! म्हणजे सापडला कोण? घरून हप्त्याने पैसे आणून जुना लॅपटॉप घेणारा पोरगा. चोर मोकळा. तुमच्या भाच्यासारखाच तोही बाहेरगावहून शिकायला आलेला. पोलीस दारात आले तेव्हा त्याच्या घरच्यांचं काय झालं असेल? मालकाने जाळं लावलं की त्यात शेवटचा माणूस अडकतो, पहिला नाही.

नाशिककर

ताई, शेवटचा माणूस हाती लागल्याशिवाय पहिल्यापर्यंत जायला दुसरा रस्ता कुठला? त्याने नंबर दिला, चॅट दाखवलं, तर साखळी मागे जाते. भाच्याने काहीच केलं नसतं तर लॅपटॉप तिसऱ्याच्या हाती गेला असता आणि तिसराही फसला असता. आणि निम्म्या भावात, बिलाशिवाय, रोखीने घेताना त्या मुलाने एक प्रश्न विचारायला हवा होता, हेही बोललं पाहिजे.

काळाकोट

चोरीचा माल बाळगल्याचं न्याय संहितेचं कलम ३१७(२) (जुन्या दंडसंहितेत ४११) नुसता माल सापडल्याने लागत नाही. माल चोरीचा आहे हे माहीत होतं, किंवा तसं मानायला सबळ कारण होतं, हे दाखवावं लागतं. भाव किती होता आणि बिल मागितलं का, हे तिथेच महत्त्वाचं ठरतं. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम १२४ ही आहे: ताब्यातली वस्तू चोरीची वाटत असेल आणि ती कुठून आली याचा समाधानकारक खुलासा नसेल, तर त्याखाली कारवाई होते. या मुलाकडे पैसे दिल्याचं चॅट असेल तर खुलासा आहे, आणि तो साक्षीदार होऊ शकतो.

लॅपटॉप मात्र त्याचा होत नाही. मालविक्री अधिनियम, १९३०, कलम २७: विकणाऱ्याकडे मालकी नसेल तर घेणाऱ्याला ती सर्वसाधारणपणे मिळत नाही, त्याने पैसे प्रामाणिकपणे मोजले असले तरी. त्याचे पैसे त्याला ज्याने विकलं त्याच्याकडून वसूल करायचे. कायदा इथे कठोर आहे आणि माझ्या मते बरोबर आहे. नाहीतर एकदा विकला की कुठलाही चोरीचा माल शुद्ध झाला असता.

पहाटपाळी

आयटीत आहे. या वादात एक गोष्ट सुटतेय. जाहिराती शोधणं हे दुसरं काम. पहिलं, दुसऱ्या फोनवरून गूगल आणि मायक्रोसॉफ्ट खात्यातून चोरीच्या यंत्राला बाहेर काढणं, पासवर्ड बदलणं, ब्राउझरमध्ये साठवलेले बँकेचे पासवर्ड तर लगेच.

'फाइंड माय डिव्हाइस'वर फार विसंबू नका. विंडोजमध्ये ते आधी चालू केलेलं असावं लागतं आणि फॉरमॅट झालं की संपलं. अ‍ॅपलच्या नव्या मॅकना 'फाइंड माय' चालू असेल तर अ‍ॅक्टिव्हेशन लॉक असतं, ते पुसूनही जात नाही. असे मॅक "लॉक आहे, तुम्ही काढून घ्या" म्हणून स्वस्तात विकायला येतात, आणि मालकाला "तुमचा लॅपटॉप सापडला, इथे लॉगिन करा" असे खोटे मेसेजही जातात. त्यात पासवर्ड टाकू नका. कंपनीचा लॅपटॉप मायक्रोसॉफ्टच्या ऑटोपायलटमध्ये (कंपन्यांनी आपली यंत्रं नोंदवून सांभाळायची सोय) नोंदवलेला असेल तर फॉरमॅटनंतरही इंटरनेटला जोडताच कंपनीचं लॉगिन मागतो. बाकी सगळ्यांकडे फक्त सिरियल नंबर. तळाचा स्टिकर खरवडला तरी बायोसमध्ये तो असतो, मदरबोर्ड बदलेपर्यंत. त्यामुळे भाच्याने तोच फोटो मागितला हे अचूक होतं.

मोबाइलसाठी सीईआयआर (चोरीचे फोन बंद करायची सरकारी नोंद) आहे, मे २०२३ पासून देशभर. आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) टाकला की चोरीचा फोन नेटवर्कवर बंद होतो. साध्या लॅपटॉपला सिम नाही, आयएमईआय नाही, म्हणून त्याला ही सोय नाही.

नाशिककर

मग चोरीच्या लॅपटॉपच्या सिरियल नंबरांची सरकारी यादी का नको? विकत घेणारा नंबर टाकेल, लाल दिसलं की सोडून देईल. तो इंजिनिअरिंगचा मुलगा वाचला असता.

जुनाबाजार

मी पहिला सही करीन. फक्त कुणीही उठून नंबर टाकू शकेल अशी नको. भावाभावांत वाद झाला, भागीदारी मोडली की लोक एकमेकांचे नंबर टाकतील. एफआयआर क्रमांकाशिवाय नोंद होता कामा नये.

काळाकोट

आणि गुन्हा निकाली निघाला, माल परत मिळाला की नोंद निघालीही पाहिजे.

रानवारा, लॅपटॉप मुद्देमालात असेल तर पोलीस रेझिंग डेच्या कार्यक्रमाची वाट बघू नका. २ जानेवारीच्या आसपास माल परत देण्याचे कार्यक्रम होतात खरे, पण भाच्याची परीक्षा त्याआधी असेल. न्यायदंडाधिकाऱ्यांकडे सुपूर्दनाम्यावर (खटला चालू असताना सांभाळायच्या अटीवर ताब्यात) मागा. सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली सांगितलंय की माल ठाण्यात पडून ठेवू नका, पंचनामा आणि फोटो करून, बंधपत्र घेऊन द्या. बिल आणि सिरियल नंबर जोडा. तो विद्यार्थी हरकत घेणार नसेल तर त्याचं तसं लेखी घ्या, काम सोपं होतं.

सांगलीची हळद

त्याने ज्याच्याकडून घेतला त्याचा नंबर तपासात आलाय का? नसेल तर भाच्याला सांगा पाठपुरावा करायला. त्या मुलाचे पैसे परत मिळण्याची तेवढीच वाट आहे.

रानवारा

आलाय. काळाकोट, सुपूर्दनाम्याचा अर्ज याच आठवड्यात देतो. विद्यार्थी लिहून द्यायला तयार आहे, आम्ही त्याला भेटलो.

त्याने दिलेल्या नंबरवर आणखी दोन लॅपटॉपच्या जाहिराती चालू आहेत, दोन्ही चार्जरशिवाय. दुवे तपास अंमलदारांना पाठवलेत. या वेळी भाच्याला मेसेज करू दिलेला नाही.