मदत हवी आहे: गेममधल्या पात्रांचा लैंगिक कल ठरवायचा कसा?

ऐरोलीचा_डेव्ह: मंडळी, अडकलोय. आम्ही बनवतोय त्या गेममध्ये चार पात्रांशी प्रेम जुळवता येतं. चौघांनाही कोणीही चालेल असं ठेवू, की प्रत्येकाचा कल आधीच ठरवून टाकू? गेम बनवणाऱ्या पार्टनरशी रोज वाजतंय. सोमवारी डेमो द्यायचाय. ‘मनाला पटेल ते कर’ असलं उत्तर नको.

कोपरीकर: कसला गेम? कुठलं इंजिन? खेळाडू मुलगा की मुलगी?

ऐरोलीचा_डेव्ह: व्हिज्युअल नॉव्हेल, म्हणजे चित्रं बघत, संवाद वाचत पर्याय निवडायचे. इंजिन रेनपाय, ठाण्यात घडतो. मुलगा की मुलगी ते खेळाडूच निवडणार, यात सांगण्यासारखं काय?

रात्रपाळी: सगळे खुले ठेव. बाल्डर्स गेट ३ मध्ये सोबती मुलगा-मुलगी बघत नाहीत, कोणाचं काही बिघडलं? चारातले दोन बंद केलेस तर उरलं काय?

तर्रीवाला: बिघडतं. ड्रॅगन एज २ (२०११) मध्ये अँडर्स, फेनरिस, मेरिल, इझाबेला चौघंही कोणालाही हो म्हणतात. २०१४ च्या इन्क्विझिशनमध्ये त्याच कंपनीने कल ठरवून दिले. डोरियनला पुरुषच आवडतात, सेराला बायकाच. डोरियनचा बाप रक्तजादूने त्याला ‘सरळ’ करायला निघालेला असतो. तो गे नसता तर ती गोष्ट उभीच राहिली नसती.

रात्रपाळी: म्हणजे दोन्ही आवडतात अशा बाय पात्राला गोष्ट नसते? त्याच गेममधला आयर्न बुल बघ. खेळाडू मध्ये पडला नाही तर तो आणि डोरियन आपसात जुळवून घेतात.

तर्रीवाला: अरे तेच म्हणतोय! बाय असेल तर बाय लिही. खेळाडू बघून रंग बदलू नको. स्टारड्यू व्हॅलीत लेआचा एक्स, केल, खेळाडू मुलगा असला की मुलगा, मुलगी असली की मुलगी. बिचारीचा भूतकाळसुद्धा आपल्या सोयीने.

फॉन्टवेडा: रेनपायमध्ये देवनागरी जोडाक्षरं तुटतात. आधी ते बघ.

ऐरोलीचा_डेव्ह: नवीन आवृत्तीत नाही तुटत. विषय तो नाहीये.

शुद्धलेखनवाली: संवाद मराठीत ना? मग खरी मेख इथे आहे. ‘तू आलास’, ‘तू आलीस’. सगळे सगळ्यांना खुले म्हणजे अर्धे संवाद दोनदा लिहा. ‘तुला उशीर झाला’, ‘तू सांगितलंस’ अशी वाक्यं दोघांनाही चालतात, ती शोध.

रात्रपाळी: ‘तुम्ही आलात’ कर. मिटलं.

तर्रीवाला: तलावपाळीवर कॉलेजची पोरं एकमेकांना तुम्ही म्हणणार? मग ‘अहो, ऐकलंत का’ पण टाकू.

ऐरोलीचा_डेव्ह: वाक्यं बदलता येणार नाहीत. चौघांतल्या समीर आणि मनवाचे आवाज रेकॉर्ड झालेत. ‘आलास’च आहे.

कोपरीकर: हे आत्ता सांगतोयस?? मुलगी खेळली तर तिलाही ‘आलास’? आणि डेमोत प्रेमाचा सीन आहे का मुळात?

ऐरोलीचा_डेव्ह: नाही, तो तिसऱ्या भागात. पण फ्लर्टचा पर्याय पहिल्याच भेटीत आहे. मुलगी खेळत असली तर समीरसमोर तो दिसू द्यायचा की लपवायचा?

शुद्धलेखनवाली: मग हे विचारायचं होतंस ना!

वाशीतला_एक: मी गे आहे. दिसू दे, आणि समीरला नीट नकार देऊ दे. इन्क्विझिशनमध्ये बाई खेळाडूने पुरुषच आवडणाऱ्या कसांड्राशी फ्लर्ट केलं तर ती बाजूला घेऊन समजुतीने सांगते, तसं. सगळे हो म्हणतात त्या गेममध्ये मला बरं वाटतं, खोटं कशाला बोलू. पण ठाण्यात एखाद्या मुलाला विचारण्याआधी जे पोटात गोळा येणं असतं, ते तिथे नसतं. समीर गे असेल तर ते खेळाडू मुलगी असतानाही कळू दे. आईने आणलेली स्थळं तो कशी टाळतो, कोणाचा फोन आला की बाहेर जातो. गोष्ट कुठल्या साली घडते?

ऐरोलीचा_डेव्ह: २०१६. नोटाबंदीच्या रांगेत भेट होते.

वाशीतला_एक: मग समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ अजून डोक्यावर आहे. सुप्रीम कोर्टाचा निकाल ६ सप्टेंबर २०१८ चा. अनोळखी मुलीने रांगेत फ्लर्ट केलं तर २०१६ चा समीर ‘मी गे आहे’ म्हणणार नाही. काहीतरी थाप मारेल. खरं तिसऱ्या भागात सांगू दे.

रात्रपाळी: हे बरंय. पण मनवा तरी खुली ठेव.

ऐरोलीचा_डेव्ह: समीर गे, थाप मारणार, ठरलं. मनवावरून आज रात्री पुन्हा भांडण. पण थापेची आणि ‘आलीस’ची वाक्यं नव्याने रेकॉर्ड करायला हवीत, आणि समीरचा आवाज देणारा गावाला गेलाय. डेमोत समीर मुकाच ठेवतो, नुसता मजकूर.

फॉन्टवेडा: म्हणूनच विचारतोय, फॉन्ट कुठला?