३०१ घन इंची शेव्हरोलेट इंजिनासाठी दोन कार्ब्युरेटरांचे इनटेक मॅनिफोल्ड कोणते निवडावे?

प्रश्न (चौथा_गिअर)

नमस्कार. पाव मैलाच्या जुन्या धाटणीच्या ड्रॅग शर्यतीसाठी मी १९६० सालचा २८३ घन इंची शेव्हरोलेट स्मॉल ब्लॉक बांधत आहे. सिलिंडरच्या भिंतींची जाडी मोजून घेतल्यावर बोअर (सिलिंडरचा व्यास) १/८ इंचाने वाढवून ४ इंच केला आहे आणि स्ट्रोक (पिस्टनचा वर-खाली प्रवास) मूळचा ३ इंचच आहे, म्हणजे इंजिन आता ३०१ घन इंचांचे झाले आहे. त्यावर ४६१ क्रमांकाच्या ओतकामाचे, १.९४ इंची इनटेक व्हॉल्व्हचे हेड बसणार आहेत आणि कॉम्प्रेशन वाढवण्यासाठी त्यांचा पृष्ठभाग ०.०३० इंच घासून घेतला आहे. कॅमशाफ्ट सॉलिड लिफ्टरचा असून इंजिन ७२०० आरपीएमच्या वर न्यायचे नाही, असे ठरवले आहे.

अडचण मॅनिफोल्डची, म्हणजे कार्ब्युरेटरमधले मिश्रण सिलिंडरांपर्यंत नेणाऱ्या भागाची आहे. माझ्यासमोर तीन पर्याय आहेत. पहिला, पन्नाशीच्या दशकातील कॉर्वेटवर असायचे तसे, दोन चार-बॅरल कार्ब्युरेटर एकामागे एक बसवणारे बुटके मॅनिफोल्ड. दुसरा, १९६९ च्या झेड/२८ साठी शेव्हरोलेटने काढलेल्या धर्तीचे क्रॉस-रॅम, ज्याच्या नळ्या इंजिनावरून आडव्या जातात. तिसरा, उंच टनेल रॅम, ज्यात कार्ब्युरेटर उंचावर बसतात आणि नळ्या सरळ खाली उतरतात. आमच्या गटाचा नियम इतकाच आहे की भागाची रचना १९७० पूर्वीची असावी. बॉनेटला छिद्र पाडण्यास मनाई नाही. ५०० सीएफएमचे (दर मिनिटाला इतके घनफूट हवेच्या क्षमतेचे), जुन्या कार्टर एएफबी घराण्यातील दोन कार्ब्युरेटर माझ्याकडे आधीच आहेत. एवढ्या लहान इंजिनावर १००० सीएफएम म्हणजे अतिरेक आहे, असे मला काही जणांनी सांगितले. त्यात कितपत तथ्य आहे, आणि या तिन्हींपैकी कोणते मॅनिफोल्ड घ्यावे?

उत्तर १ (जेट_आणि_फ्लोट)

सीएफएमची शंका आधी मिटवतो, कारण या एका आकड्यामुळे पुष्कळ लोक चुकीच्या दिशेने जातात. इंजिनाचे घन इंच गुणिले आरपीएम भागिले ३४५६ हे सूत्र वापरले, तर आपले इंजिन ७२०० आरपीएमला, सिलिंडर पूर्ण भरतात असे धरून, सुमारे ६२८ घनफूट हवा दर मिनिटाला मागते. चार-बॅरल कार्ब्युरेटरची क्षमता मोजताना त्याच्या वर आणि खाली पाऱ्याच्या १.५ इंचांचा दाबफरक ठेवलेला असतो. म्हणजे १००० सीएफएम हा आकडा ‘एवढी हवा इंजिनात ढकलली जाईल’ असे सांगत नाही. तो ‘एवढी हवा गेली तर दाब १.५ इंचांनी पडेल’ असे सांगतो. दाबातील घट प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. त्यामुळे आपल्या दोन कार्ब्युरेटरांतून ६२८ घनफूट हवा जाताना मॅनिफोल्डमधील दाब जेमतेम ०.६ इंचाने पडेल, तर ६०० सीएफएमचा एकच कार्ब्युरेटर असता तर ती घट १.६ इंचांच्या पुढे गेली असती. एक इंच पारा म्हणजे वातावरणीय दाबाचा तिसावा भाग. सिलिंडरमध्ये शिरणाऱ्या हवेत तीन-साडेतीन टक्क्यांचा हा फरक आहे आणि दोन कार्ब्युरेटर बसवण्याचा खरा लाभ तोच आहे.

एएफबीच्या बाबतीत आणखी एक जमेची बाजू आहे. त्याच्या सेकंडरी बॅरलवर वजनाने तोललेली हवेची झडप असते आणि इंजिनाची ओढ पुरेशी असल्याशिवाय ती पूर्ण उघडत नाही. त्यामुळे जास्तीची क्षमता इंजिनावर लादली जात नाही. अतिरेकाची भीती आपण मनातून काढून टाकावी.

मात्र मॅनिफोल्डविषयी मत देण्यापूर्वी मला गिअरबॉक्स कोणता आहे ते कळायला हवे. आपण हेड, कॅम, बोअर सगळे लिहिले, पण या निवडीत सर्वांत वजनदार असलेली गोष्ट राहून गेली.

चौथा_गिअर

आपले म्हणणे बरोबर आहे, ते लिहायला हवे होते. गिअरबॉक्स बोर्ग-वॉर्नर टी-१० चार गिअरी, जवळच्या गुणोत्तरांचा आहे: २.२०, १.६६, १.३१ आणि १.००. मागचा अ‍ॅक्सल ४.८८ चा. सुटताना क्लच ५५०० च्या आसपास सोडण्याचा विचार आहे.

उत्तर २ (लांब_रनर)

आता बोलता येईल. ७२०० ला गिअर बदलला तर पहिल्यातून दुसऱ्यात जाताना इंजिन सुमारे ५४३० वर उतरते, दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना ५६८० वर आणि तिसऱ्यातून चौथ्यात जाताना ५५०० वर. म्हणजे सुटल्यानंतर चाकांनी पकड घेण्याचा पहिला क्षण वगळला, तर संपूर्ण पाव मैल आपले इंजिन ५४०० ते ७२०० या पट्ट्यातच राहणार आहे. मॅनिफोल्ड या पट्ट्यासाठी निवडायचे आहे. ३००० आरपीएमला ते कसे वागते याच्याशी आपल्याला जवळजवळ काही देणेघेणे नाही. याच इंजिनामागे १.८२ च्या पहिल्या गिअरचा दोन गिअरी पॉवरग्लाइड ऑटोमॅटिक असता, तर गिअर बदलताना इंजिन, कन्व्हर्टरची घसर सोडून, ४००० च्या खाली उतरले असते आणि माझे उत्तर निश्चितच वेगळे झाले असते.

रनरच्या, म्हणजे मॅनिफोल्डमधून प्रत्येक सिलिंडरकडे जाणाऱ्या नळीच्या, लांबीचे शास्त्र थोडक्यात असे आहे. इनटेक व्हॉल्व्ह उघडून पिस्टन खाली जाऊ लागला की रनरमध्ये कमी दाबाची लहर उठते. ती प्लेनमपर्यंत, म्हणजे कार्ब्युरेटरखालच्या सामाईक पेटीपर्यंत जाते आणि तेथील मोकळ्या जागेत उलटून जास्त दाबाची होऊन परत येते. व्हॉल्व्ह बंद होण्याच्या बेतात असताना ती पोहोचली, तर जाताजाता थोडी हवा आणखी आत रेटते. लहरीचा वेग साधारण ठरलेला असतो, म्हणून लांब रनर कमी आरपीएमला जुळतो आणि आखूड रनर जास्त आरपीएमला. क्रायस्लरने हे फार सुरेख दाखवून दिले. १९६० च्या ३००-एफ गाडीवर त्यांनी सुमारे ३० इंच लांबीचे रनर दिले, ज्यांचा लाभ मधल्या आरपीएमला मिळत असे. पुढे ‘शॉर्ट रॅम’मध्ये बाहेरून तेच दिसणारे मॅनिफोल्ड ठेवून आतील विभाजक भिंती कापून परिणामी लांबी निम्मी केली, तेव्हा तो लाभ वरच्या आरपीएमकडे सरकला. १९६२ च्या ४१३ मॅक्स वेजवरचे दोन एएफबींचे क्रॉस-रॅमही याच आखूड लांबीच्या विचारातून आलेले आहे. त्याच कंपनीतील अभियंत्यांच्या रॅमचार्जर्स गटाने तर १९४९ च्या प्लिमथवर, बॉनेटच्या कितीतरी वर उभे राहणारे रॅम मॅनिफोल्ड बसवून ती शर्यतीत उतरवली होती. टनेल रॅमची कल्पना कुठून आली असेल, याचे उत्तर मला त्या गाडीकडे पाहिल्यावर मिळते.

आपल्या ५४०० ते ७२०० च्या पट्ट्यात टनेल रॅमच सर्वांत योग्य, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याचे रनर सरळ आणि जवळजवळ समान लांबीचे असतात, हेडच्या पोर्टमध्ये (हवेच्या वाटेत) शिरताना झोताला मोठे वळण घ्यावे लागत नाही, आणि मोकळ्या प्लेनममुळे प्रत्येक सिलिंडरला दोन्ही कार्ब्युरेटरांचा उपयोग होतो. एकच दक्षता घ्यावी: मोठ्या पोर्टच्या हेडसाठी केलेले मॅनिफोल्ड आपल्या ४६१ च्या तोंडाशी लावू नये. रनर पोर्टपेक्षा मोठा असला, तर सांध्यावर पायरी तयार होते आणि रनरमध्ये कमावलेला वेग तिथेच गमावला जातो.

क्रॉस-रॅमविषयी फारसे लिहीत नाही. बॉनेटखाली मावावे आणि तरीही रनरला लांबी मिळावी, ही त्याच्या बाजूची मोठी गोष्ट. आपल्याला बॉनेटची अडचणच नाही.

उत्तर ३ (प्लग_वाचक)

वरील गणिताशी मी सहमत आहे, पण निष्कर्षाला एक पुरवणी जोडतो. टनेल रॅमवर जाण्याआधी बुटक्या मॅनिफोल्डवर काही फेऱ्या माराव्यात, असे मला मनापासून वाटते, आणि त्याचे कारण मिश्रणाची वाटणी हे आहे.

या इंजिनाची फायरिंग ऑर्डर १-८-४-३-६-५-७-२ आहे. डाव्या रांगेतील ५ आणि ७ हे शेजारी सिलिंडर लागोपाठ पेटतात, म्हणजे ९० अंशांच्या अंतराने लागोपाठ हवाही ओढतात. बुटक्या, म्हणजे दुहेरी मजल्याच्या मॅनिफोल्डमध्ये १, ४, ६, ७ हे एका मजल्यावर आणि ८, ३, ५, २ हे दुसऱ्या मजल्यावर असतात, त्यामुळे ५ आणि ७ वेगळे राहतात आणि प्रत्येक मजल्यावर १८० अंशांच्या अंतराने एकेक ओढ येते. कार्ब्युरेटरला मिळणारा संकेत त्यामुळे स्वच्छ राहतो आणि जेटिंग, म्हणजे इंधन मोजून सोडणाऱ्या छिद्रांची (जेटची) निवड, लवकर जमते. उलट, मोकळ्या प्लेनममध्ये एका सिलिंडरची ओढ दुसऱ्यात मिसळते. माझ्या स्वतःच्या इंजिनावर टनेल रॅम बसवल्यानंतर सहा प्लग उत्तम रंगाचे असूनही ७ क्रमांकाचा प्लग पांढरा (मिश्रण पातळ असल्याची खूण) पडत होता. सर्व प्लग एकत्र पाहून सरासरी काढण्याच्या सवयीमुळे मी ते वेळीच मनावर घेतले नाही आणि त्या सिलिंडरच्या पिस्टनच्या कडा वितळल्या. म्हणून प्लग क्रमवारीने मांडून, पूर्ण थ्रॉटलवर इंजिन बंद करून, क्लच दाबून गाडी थांबवून, आठही प्लग वाचावेत. एखाद्या जागी मिश्रण पातळ दिसले, तर त्या कोपऱ्यातील जेट एक-दोन क्रमांकांनी वाढवावा.

लिंकेजचीही गोष्ट आहे. बुटक्या मॅनिफोल्डवर मागचा कार्ब्युरेटर आधी आणि पुढचा नंतर उघडणारी क्रमिक जोडणी रस्त्यावरील गाडीला सोयीची असते. टनेल रॅमवर मात्र दोन्ही एकदम, एकास एक उघडावेत. अन्यथा प्लेनमच्या एका टोकाला मिश्रण दाट आणि दुसऱ्या टोकाला विरळ राहते. इंधनाचा दाब एएफबीसाठी ५ पीएसआयच्या आसपास ठेवावा. जोरात सुटताना बाऊलमधले पेट्रोल मागे लोटले जाते, म्हणून दोन्ही कार्ब्युरेटरांच्या फ्लोटची पातळी नेमकी एकसारखी लावणे आवश्यक आहे. आयडलला दोन्हींतून जाणारी हवा प्रवाहमापकाने जुळवून घ्यावी. केवळ कानाच्या भरवशावर हे जुळत नाही.

उत्तर ४ (जेट_आणि_फ्लोट)

पुन्हा थोडे लिहितो, कारण प्रश्नात हेड ०.०३० इंच घासल्याचा उल्लेख आहे आणि त्याकडे कोणीच वळलेले नाही. हेड खाली आले की ते मॅनिफोल्डच्या दिशेनेही सरकतात. स्मॉल ब्लॉकमध्ये हेड जेवढे घासले, त्याच्या १.२३ पट इनटेकच्या बाजूने आणि १.७१ पट मॅनिफोल्डच्या तळाशी, म्हणजे ब्लॉकच्या पुढच्या-मागच्या कडांवर टेकणाऱ्या भागातून, काढावे लागते. आपल्या बाबतीत हे अनुक्रमे ०.०३७ आणि ०.०५१ इंच होते. तसे न केल्यास बोल्टची भोके जुळत नाहीत, पोर्ट एकमेकांपासून वर-खाली राहतात, आणि गॅस्केटच्या खालच्या कडेने लिफ्टर व्हॅलीतील (सिलिंडरांच्या दोन रांगांमधील पोकळीतील) तेलाची वाफ आत ओढली जाते. ही गळती बाहेरून फवारा मारून सापडत नाही, त्यामुळे लोक महिनोन्‌महिने कार्ब्युरेटरला दोष देत बसतात.

दुसरे असे की १९६० च्या ब्लॉकमध्ये तेल भरण्याची नळी मॅनिफोल्डच्या पुढच्या टोकाला असते. टनेल रॅमवर ती नसेल, तर तेल भरण्याची आणि क्रँककेसच्या श्वासाची सोय व्हॉल्व्ह कव्हरवर करून घ्यावी. एक्झॉस्टची उष्णता मॅनिफोल्डखालून नेणारी वाट पातळ पोलादी पत्रा लावून बंद करावी. शर्यतीच्या इंजिनाला थंड मॅनिफोल्डच हवे.

चौथा_गिअर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. हेडच्या घासणीचा हिशेब माझ्या ध्यानातच आला नव्हता आणि तो कळल्यामुळे माझी मोठी चूक टळली. निर्णय टनेल रॅमचाच घेतो, पण उत्तर ३ मधील सल्ल्याप्रमाणे आधी मित्राचे बुटके मॅनिफोल्ड बसवून जेटिंगचा पाया निश्चित करतो. एक अडचण उरते: मित्राचे मॅनिफोल्ड मी ०.०३७ इंच घासून घेऊ शकत नाही. जाड गॅस्केट लावून काम भागेल का?

उत्तर ५ (जेट_आणि_फ्लोट)

जाड गॅस्केट लावू नये, त्याने अंतर वाढते आणि आपल्याला ते कमी करायचे आहे. हेडच्याच इनटेक बाजूने ०.०३७ इंच काढून घ्यावे. मग मित्राचे मॅनिफोल्ड आणि आपले टनेल रॅम, दोन्ही त्या बाजूला हात न लावता बसतील. ब्लॉकच्या पुढच्या-मागच्या कडांवरचे ०.०५१ इंच मात्र उरेल. तिथे कॉर्कचे गॅस्केट न लावता सीलंटची जाड रेघ द्यावी, आणि मॅनिफोल्ड कडांवर प्रत्यक्ष टेकत नाही ना, हे आधी गॅस्केटसह कोरडे बसवून फीलर गेजने तपासावे.