ओलान्झापिन, वाढतं वजन आणि विडी

ताई, भावाचं वजन वाढलं म्हणून घरच्यांनी त्याची ओलान्झापिन ही मानसिक आजारावरची गोळी बंद करायचं ठरवलंय, हे वाचून राहवलं नाही. कृपा करून एकदम बंद करू नका. आमच्याकडे सांगलीत धाकट्या दिरांना हीच गोळी चालू आहे. भास आणि संशय त्यानेच आटोक्यात आले. अचानक बंद केली की झोप उडते, मळमळतं. आजार मात्र कधीकधी काही आठवड्यांनी उलटतो, तोवर घरच्यांना वाटतं, गोळीशिवायही बरा आहे.

वजनाची तक्रार खरीच आहे. त्याला खादाड म्हणून टोचू नका, या गोळीने भूकच जबर लागते. साखर आणि कोलेस्टेरॉलही वाढू शकतं, म्हणून रक्त तपासून घ्या. वजन फारच वाढलं तर डॉक्टर हळूहळू अ‍ॅरिपिप्राझोलसारख्या दुसऱ्या औषधावर नेऊ शकतात.

आणखी एक, जे फारसं कुणी विचारत नाही: तो विडी ओढतो का? विडी-सिगारेटच्या धुरामुळे यकृत ही गोळी लवकर निकामी करतं. विडी सुटली की तोच डोस जास्त चढतो, गुंगी येते. मिश्री किंवा तंबाखू चघळल्याने तसं होत नाही. विडी जरूर सोडू दे, पण डॉक्टरांच्या कानावर घालून.

जोराचा ताप, अंग लाकडासारखं ताठ आणि बरळणं असं एकत्र दिसलं तर थांबू नका, थेट सिव्हिल गाठा. एरवी शंका असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर चोवीस तास मोफत आहे, मराठीतही बोलतात.