मदत हवी आहे: तान्ह्या बाळाची फीट ओळखायची कशी? (ऐरोली)

नमस्कार. माझी मुलगी आज 24 दिवसांची आहे. जन्मली तेव्हा लगेच रडली नाही, मेंदूला ऑक्सिजन कमी पडला आणि दुसऱ्या दिवशी फीट आली. ठाण्याला 12 दिवस एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) होती. आता आम्ही ऐरोलीला माझ्या आईकडे आहोत, फिटेचं औषध फिनोबार्बिटोन रोज चालू आहे.

फीट म्हणजे अंग ताठ, तोंडाला फेस, एवढंच मला ठाऊक होतं. हिचं तसं काहीच नव्हतं. डोळे उघडे, पण एका कोपऱ्यात खिळलेले. ओठ दूध ओढल्यासारखे चुटुचुटु हलत होते आणि पाय सायकल मारल्यासारखे गोल फिरत होते. मी वॉर्मरपाशी (बाळाला ऊब देणाऱ्या पाळण्यापाशी) उभी राहून म्हणतेय, भूक लागली वाटतं. सिस्टर धावत आल्या तेव्हा कळलं.

तेव्हापासून तिची प्रत्येक हालचाल बघून पोटात गोळा येतो. परवा रात्री गाढ झोपेत दोन्ही हात आठ-दहा वेळा झटकले. आई म्हणाली, सटवाई खेळवतेय, झोपू दे. मी उचललं, ती जागी झाली आणि झटके थांबले. लंगोट बदलताना हातही थरथरतात. यातलं काय फीट? नाडी आणि ऑक्सिजन मोजणारा मोजा मिळतो, तो घेतला तर कळेल का?

उत्तर

ताई, मी एनआयसीयूत सिस्टर होते. थरथरणारा हात हलकेच मुठीत धरा. साधी थरथर धरली की थांबते. फीट असेल तर धरलेल्या हातातही ठोके जाणवत राहतात. फक्त झोपेत येणारे आणि जाग आली की थांबणारे झटके बहुतेक वेळा निरुपद्रवी असतात. पण हिला आधी फीट येऊन गेलीय, तेव्हा ते डॉक्टरांनीच ठरवायचं. दुपटं बाजूला करा, दिवा लावा, डोळे आणि चारही हातपाय दिसतील असा व्हिडिओ घ्या आणि वेळ लिहून ठेवा.

मोज्याने फीट कळत नाही. खरं सांगायचं तर नुसत्या नजरेने आम्हालाही कळत नाही. तान्ह्या बाळांच्या पुष्कळ फिटा फक्त ईईजीवर, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लहरींच्या आलेखावर दिसतात. औषधाने हालचाल थांबते, पण मेंदूत फीट चालूच राहू शकते. म्हणून तर डोक्याला तारा लावून ठेवतात.

डोळे पुन्हा तसे खिळले, श्वास थांबला, निळी पडली किंवा दूधच ओढेना, तर व्हिडिओसाठीही थांबू नका. कुशीवर ठेवा, तोंडात काही घालू नका, 108 ला फोन करा नाहीतर थेट हॉस्पिटल गाठा. औषध मनाने बंद करू नका.

धागाकर्ती

सिस्टर, खूप आभार. आत्ताच हात धरून पाहिला, थांबला. आईच्या हातानेही करून घेतलं. झोपेतल्या झटक्यांचं डॉक्टरांना आजच फोन करून विचारते. इतक्या लहान बाळाचा व्हिडिओसकट ईईजी वाशी-नेरुळकडे कुणी केलाय का, की परळ गाठावं लागेल? कृपया कळवा.