फ्रॉस्टिंग पातळ होतंय? चक्का वापरून बघा

ताई, तुम्ही लिहिलंय की क्रीम चीज घातल्यावर फ्रॉस्टिंग, म्हणजे केकवर लावायचं क्रीम, कढीसारखं झालं आणि कपकेकवरून ओघळलं. बहुतेक क्रीम चीज आणि साखर एकत्र खूप वेळ फेटली गेली. साखर चीजमधलं पाणी ओढते आणि मग ते काही केल्या आवळत नाही. आधी लोणी आणि साखर पांढरं होईपर्यंत फेटा, थंडगार चीज शेवटी, जेमतेम मिसळेपर्यंतच.

मी मात्र चीजच्या भानगडीत पडत नाही जी. आपला श्रीखंडाचा चक्का! दही मलमलच्या कापडात बांधून रात्रभर टांगते, पण फ्रीजमध्ये. नागपूरच्या उन्हाळ्यात ओट्यावर टांगलं तर सकाळी नुसतं आंबट ढाण. कापड पिळल्यावर थेंबही पडता कामा नये. २५० ग्रॅम चक्का चाळणीतून घासून घ्यायचा, पुरणासारखा. रेशमीपणा इथेच येतो, मिक्सर लावला की पातळ. १०० ग्रॅम बिनमिठाचं लोणी, १२० ग्रॅम आयसिंग शुगर. घरी दळलेली साखर दाताखाली येते, मी दोनदा फसले.

चवीला संत्र्याची साल किसून, फक्त नारिंगी भाग, पांढरा कडू लागतो. रस नको, पुन्हा पातळ होईल. मृग बहाराची, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीच्या फुलोऱ्याची, संत्री फेब्रुवारी-मार्चमध्ये मिळतात, तेव्हाच साल किसून साखरेत चोळून फ्रीझरमध्ये ठेवते.

मे महिन्यात पारा ४५ ला टेकला की लोणी लावता लावता वितळतं. केक आणि फ्रॉस्टिंग दोन्ही गार हवेत. पाहुणे दारात आले की मगच लावते.