जीटीओचा २४२ फक्त १९६६ ते १९७१ चालतो

'चेसिस नंबर २४२ ने सुरू झाला की जीटीओ (पोंटियाकची जुनी दमदार अमेरिकन गाडी) अस्सल' असं सांगतात. ते बरोबर, पण फक्त १९६६ ते १९७१ पर्यंत. १९६४-६५ मध्ये जीटीओ हे पोंटियाकच्याच लेमान्स मॉडेलवर जादा पैसे भरून घ्यायचं पॅकेज होतं, त्यामुळे साधी व्ही-८ लेमान्स हार्डटॉप काय नि जीटीओ काय, १९६४ ला दोन्ही ८२ ने आणि १९६५ ला दोन्ही २३७ नेच सुरू. तिथे पोंटियाक हिस्टॉरिक सर्व्हिसेसकडून (जुन्या पोंटियाकच्या कारखान्यातल्या नोंदी पुरवणारी सेवा) कारखान्याच्या बिलाची प्रत मागवायचीच. बॅज, हूड स्कूप (बॉनेटवरचा हवेचा फुगवटा), ट्राय-पॉवर (तीन कार्ब्युरेटरचा संच) सगळं बाजारात मिळतं, बिल मिळत नाही.

शेव्हरलेच्या शेव्हेलचं उलटं. १९६६ ते ६८ मध्ये तिच्या दमदार एसएस ३९६ आवृत्तीचा नंबर १३८ ने सुरू होतो, साध्या व्ही-८ मालिबू आवृत्तीचा १३६ ने. १९६९ पासून एसएस नुसतं पॅकेज, मग नंबर काही बोलत नाही. अशा वेळी इंजिनचा नंबर ठोकलेला पॅड बघा, उजव्या सिलिंडर हेडच्या पुढ्यातली छोटी सपाट जागा. टॉर्च तिरका धरला की कारखान्यातल्या ब्रोचिंगच्या (दातेरी हत्याराने पृष्ठभाग तासण्याच्या) बारीक समांतर रेघा दिसल्या पाहिजेत. आकडे ठसठशीत आणि खालचा पत्रा... म्हणजे ओतीव लोखंड हो, आरशासारखं गुळगुळीत असेल तर संशय घ्या. प्रामाणिक रिबिल्डमध्येही रेघा जातात, मान्य. पण मग 'मॅचिंग नंबर्स'चा (गाडीत तिचंच मूळ इंजिन असल्याचा) भाव कशाला मोजायचा? क्लोन (साध्या गाडीची केलेली नक्कल) म्हणून विकलेला क्लोन मात्र खुशाल घ्या आणि दामटा.