मदत हवी आहे: मावशी निवृत्त होताहेत, हे साहेबांना कसं सांगायचं?

चार_वाजेपर्यंत | ९ मार्च २०२५, रात्री १०.४०

नमस्कार. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबलाय, सांभाळून घ्या.

मी विशेष शिक्षिका. मध्य रेल्वेच्या रुळांना लागून आमचं केंद्र आहे, मुंबईतच. नाव देत नाही. १८ वर्षांवरचे ४२ जण सकाळी साडेनऊ ते चार आमच्याकडे असतात. कुणाला बौद्धिक दिव्यांगत्व, कुणाला स्वमग्नता (ऑटिझम), कुणाला सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर ताबा कमी), काहींना यातलं दोन्ही-तिन्ही. पणत्या रंगवणं, कागदी पिशव्या, केमिस्टची पाकिटं अशी कामं चालतात. आम्ही सगळ्यांना 'मुलं' म्हणतो आणि सगळ्यात मोठं मूल ५१ वर्षांचं आहे. हे चूक आहे हे आम्ही दर ३ डिसेंबरला दिव्यांग दिनाच्या भाषणात ऐकतो. ४ तारखेला पुन्हा 'मुलांनो, डबे काढा' सुरू.

आम्ही कर्मचारी १४. त्यातल्या एक मावशी ३१ मेला साठाव्या वर्षी निवृत्त होतील. २००३ च्या जूनमध्ये लागल्या, म्हणजे पुरी २२ वर्षं. टिटवाळ्याहून येतात आणि आमच्यात सगळ्यात आधी पोचतात. माझ्याकडे आरसीआयचा (भारतीय पुनर्वास परिषदेचा) नोंदणी क्रमांक आहे, मावशींकडे सातवीचा दाखला. पण कोणाला फीट येणार हे त्या मिनिटभर आधी सांगतात, कारण एक मुलगी त्याआधी ओठ चाटायला लागते आणि एकजण उगाच हसतो. मागे नवीन आलेली एक मदतनीस फीट आलेल्या मुलाला चप्पल हुंगवायला धावली, तेव्हा मावशींनी तिला जे झापलं ते सगळ्या मजल्यावर ऐकू गेलं. 'कुशीवर घे, तोंडात काही घालू नको, घड्याळ बघ.' पाच मिनिटांवर गेलं की दवाखाना. एवढंच, पण ते आवाज न चढवता करणारं माणूस लागतं. (आवाज त्यांनी नंतर चढवला.)

आता मुद्दा. आमच्याकडे ३१ वर्षांचा एक मुलगा आहे, मावशी त्याला 'साहेब' म्हणतात म्हणून सगळेच म्हणतात. स्वमग्न आहे, बोलत नाही. जेवायच्या आधी मावशी त्याचे दोन्ही तळहात घट्ट दाबून देतात आणि उजव्या बाजूला बसून राहतात. मग तो आपल्या हाताने जेवतो.

हे २६ जुलै २००५ पासूनचं आहे. तेव्हा आमच्याकडे लहान मुलांची शाळाही होती. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस पडला तो दिवस. गाड्या बंद, रस्ते बंद, पालक पोचू शकले नाहीत, १७ मुलं आणि ५ बायका रात्रभर केंद्रातच. वीज गेलेली. साहेब तेव्हा ११ वर्षांचे, अंधारात डोकं भिंतीवर आपटत होते. मावशी नोकरीत नवीनच. त्यांनी तळहात धरून दाबत ठेवले, ते पहाटेपर्यंत. मी तेव्हा तिथे नव्हते, पण ही गोष्ट आमच्याकडे नवीन माणसाला पहिल्या आठवड्यातच सांगतात, हजेरीपटावर सही करायला शिकवतात तशी.

गेल्या जुलैत मावशींची बहीण वारली, त्या ११ दिवस रजेवर होत्या. साहेब चार दिवस केंद्रात जेवले नाहीत. हात चावून घेतला. आम्ही आळीपाळीने उजवीकडे खुर्ची टाकून बसलो, तळहात दाबले, उपयोग शून्य.

मावशींचं म्हणणं, 'मला गुपचूप जाऊ द्या, त्याला कळायला नको.' ट्रस्टींना मंडप, माईक, शाल-श्रीफळ हवंय. मला दोन्ही पटत नाही, पण तिसरं काय तेही सुचत नाही. अडीच महिने हातात आहेत. कुणी असा निरोप केलाय का? आणि त्यांच्या डोक्यात जे आहे ते उतरवून कसं घ्यायचं?

सडेतोड_बंड्या | ९ मार्च, रात्री ११.०५

निवृत्त करताच कशाला? अर्धा दिवस मानधनावर ठेवा. प्रश्न मिटला.

चार_वाजेपर्यंत | ९ मार्च, रात्री ११.२०

बंड्याभाऊ, गुडघे गेलेत त्यांचे. व्हीलचेअरवरून कमोडवर माणूस उचलून ठेवायचं काम २२ वर्षं केलंय. दोघींनी मिळून उचलायचं असा नियम आहे, पण दुसरी बाई नेमकी तेव्हा दुसऱ्या कुणाचे कपडे बदलत असते. शिवाय रोज स्टेशनचे जिने चढून पूल ओलांडायचा. त्यांना आता नातवाला शाळेत सोडायचंय आणि दुपारी झोपायचंय. त्यांनी स्वतः सांगितलंय.

हिशेबनीस | १० मार्च, सकाळी ७.५०

मूळ प्रश्नाबद्दल मला काही कळत नाही, पण ग्रॅच्युइटीचं बघितलंत का? कायद्याने दहा किंवा जास्त माणसं असली की लागू. शेवटचं मूळ वेतन अधिक महागाई भत्ता, त्याला २६ ने भागा, १५ ने गुणा, मग २२ ने. समजा १४,००० असेल तर १ लाख ७७ हजार ६९२ होतात. देय झाल्यापासून ३० दिवसांत द्यायची असते. शाल घेण्याआधी हा आकडा लेखी मागा. अशा ठिकाणी 'आपण एक कुटुंब आहोत' हे वाक्य फार स्वस्त पडतं, म्हणून आगाऊपणा करतोय.

चार_वाजेपर्यंत | १० मार्च, दुपारी १.५५

हिशेबनीसदादा, हे आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात नव्हतं. ऑफिसात विचारलं तर उत्तर आलं, 'बघतो.' आज आम्ही सगळ्यांनी सही करून अर्ज दिला. स्वयंपाकघरातल्या डब्यात (दरमहा माणशी १०० रुपये, कुणाच्या घरी अडचण आली की त्यातून) किती आहेत तेही मोजलं. सध्या ६,३००. नवरात्रात नऊ रंगांच्या साड्यांसाठी यातून उसने घेणाऱ्या दोघी कोण, ते इथे लिहीत नाही.

तळवा | १० मार्च, रात्री ९.१५

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट. उपाय सांगण्याआधी काही विचारते, रागावू नका.

जुलैत जेवण बंद झालं तेव्हा दात, हिरड्या, पोट तपासलं होतं का? न बोलणारा माणूस हात चावतो तेव्हा आधी दुखण्याची शंका घ्यायची, विरहाची नंतर. त्याला फोटो कळतात का? कॅलेंडर कळतं का? घरी कोणाच्या हाताने जेवतो?

तळहात दाबणं हा लाड नाही हे तुम्हाला माहीतच आहे. खोल दाबाने बऱ्याच जणांचं शरीर शांत होतं, आणि तो दाब दुसरं माणूस देऊ शकतं. पण सुरुवात जेवणापासून करू नका. जेवण हा त्याचा सगळ्यात नाजूक वेळ आहे. नवीन माणसाने आधी चहाच्या वेळी दाबावं, मावशी शेजारी असताना. मग मावशी दोन हात लांब, मग दारात. आठ-दहा आठवडे लागतात, म्हणजे या सोमवारी सुरू करा. नवीन माणूस ठरलंय का?

आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं: त्याच्या आईबाबांना विचारून, तीन दिवस मावशींचं जेवणाच्या वेळचं मोबाइलवर चित्रण करा. मावशींना काय करता असं विचारू नका. त्या सांगतील 'काही नाही, बसते फक्त.' २२ वर्षं केलेलं माणसाला सांगता येत नाही. कुठे बसतात, किती उंचीवर, बघतात कुठे, पहिला घास कधी पडतो, सगळं.

डब्यात_दहीभात | ११ मार्च, सकाळी ६.३०

मी पालक. मुलगी २७, सेरेब्रल पाल्सी, व्हीलचेअर. तिच्या केंद्रातल्या फिजिओ ताई एका शुक्रवारी होत्या आणि सोमवारी नव्हत्या. आम्हालाही कुणी सांगितलं नाही. तीन महिने ती फाटकाशी थांबून राहायची, आत न्यायला गेलं की ओरडायची. सगळे म्हणाले 'वागणूक बिघडलीय', आणि गोळी वाढली. तेव्हा गुपचूप अजिबात नको. मावशींना माझा हा निरोप वाचून दाखवा.

त्याच्या आईवडिलांना आधी सांगा. मावशी जाणार म्हटल्यावर त्यांच्या पोटात जो गोळा येईल तो मावशींपुरता नसेल, आमच्या मागे कोण हाच असेल. मी गेल्या वर्षी कायदेशीर पालकत्वाचे कागद केले, राष्ट्रीय न्यास कायद्याखालचे, जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडून. त्या कागदांत मालमत्ता, पत्ता, नातं सगळं आलं. तिला चहा बशीत गार करून लागतो, हे लिहायला कुठे जागा नव्हती. तुमची मावशी म्हणजे ती न लिहिलेली जागा आहे. वही करा. मी मुलीची केलीय, २४ पानं झाली.

प्लॅटफॉर्म_पाच | ११ मार्च, दुपारी ३.१०

माझा अनुभव निरोपाबद्दलचा. आमच्या वसतिगृहातल्या स्वयंपाकीण आजी काम सोडून गेल्या तेव्हा पहिल्यांदा ट्रस्टींची सभा झाली, हार, भाषणं, ते सगळं. त्यात आमच्या तिघांनी कान झाकले आणि एक टेबलाखाली गेला. मोठ्यांचा निरोप मोठ्यांचा असतो, तो होऊ द्या. मुलांचा वेगळा ठेवा.

आम्ही दुसऱ्या दिवशी, दुपारी गर्दी नसते तेव्हा, सहाजणांना घेऊन आजींना स्टेशनवर सोडायला गेलो. आजी त्यांच्या पिशवीसह गाडीत चढल्या, खिडकीशी बसल्या, गाडी सुटली. एकजण गाडी दिसेनाशी होईपर्यंत हात हलवत होता, परत आल्यावर 'आजी गाडी' म्हणाला आणि जेवला. लोकल सुटली की माणूस जातं, हे मुंबईत वाढलेल्याला वेगळं शिकवावं लागत नाही. पण त्याच दिवशी अचानक नेऊ नका. आधी दोन-तीनदा नुसतं स्टेशन दाखवून आणा.

सडेतोड_बंड्या | ११ मार्च, दुपारी ३.३०

पहिली प्रतिक्रिया मागे घेतो. वाचतोय.

चार_वाजेपर्यंत | १६ मार्च, रात्री ९.३०

सगळ्यांचे आभार. तळवाताई, उत्तरं: दात जुलैत नाही तपासले. लाज वाटली. आता तपासून घेतले, ठीक आहेत. फोटो कळतात. घरी आईच्या हाताने, पण तिथे दूरदर्शनच्या बातम्या चालू असाव्या लागतात.

दहीभातताई, तुमचा निरोप मावशींना वाचून दाखवला. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, 'बरं, सांगा त्याला.' वहीसाठी त्या लिहायला तयार नाहीत, म्हणून व्हॉट्सॲपवर बोलून पाठवतात, गाडीत बसल्या बसल्या. पाच दिवसांत ३१ निरोप आले. मागून दिवा स्टेशनला चढणारी भजनमंडळी ऐकू येते, काही वाक्यं टाळांत बुडतात. एका निरोपात पूर्ण दोन मिनिटं फक्त शेंगदाण्याची चटणी कुणाला चालते आणि कुणाला ठसका लागतो एवढंच.

आणि चित्रण. पहिल्या दिवशी काही कळलं नाही. दुसऱ्या दिवशी आमच्या फिजिओने आवाज बंद करून बघितलं. मावशी खुर्चीवर बसतच नाहीत. कोपऱ्यातलं बुटकं लाकडी स्टूल ओढून बसतात, त्यांचं डोकं साहेबांच्या खांद्याच्याही खाली. साहेबांच्या उजवीकडे खिडकी आहे. खिडकीतून बदामाच्या झाडाआड रुळांचा एक तुकडा दिसतो. गाडी गेली की साहेब एक घास घेतात. गाडी आली नाही की थांबतात.

आम्ही जुलैत एकामागून एक सगळे त्या खिडकीसमोर खुर्ची टाकून बसलो होतो.

मावशींना विचारलं, हे माहीत होतं का? म्हणाल्या, 'मग? म्हणून तर पावसात गाड्या रखडल्या की त्याचं जेवण लांबतं. तुम्ही मला कधी विचारलं?'

तळवा | १६ मार्च, रात्री ९.५०

हे वाचून उठून घरात फेऱ्या मारल्या. आता नवीन माणसाला आधी स्टुलावर बसवा. तळहात नंतर.

चार_वाजेपर्यंत | ४ एप्रिल, रात्री १०.०५

अपडेट. नवीन माणूस म्हणजे आमचेच एक मदतनीस दादा, साडेसहा वर्षं कार्यशाळेत आहेत. सहा फूट उंची. त्या स्टुलावर बसले की गुडघे कानाला लागतात, मुलं हसतात. चहाच्या वेळचं तळहात दाबणं दोन आठवड्यांत जमलं. पहिले पाच दिवस साहेबांनी हात काढून घेतला, सहाव्या दिवशी नाही घेतला. जेवणाला अजून मावशी दारात लागतात. काल दादा बसले, मावशी दारात, १.१७ ची एक जलद गाडी गेली आणि साहेबांनी घास घेतला. दुसऱ्या गाडीला नाही घेतला. तिसऱ्याला घेतला. मावशी दारातून म्हणाल्या, 'भाकरी मोठी तोडलीस रे.'

स्टेशनची पहिली फेरी येत्या गुरुवारी. ऑफिसने ग्रॅच्युइटीचा आकडा लेखी दिलाय, हिशेबनीसदादांनी सांगितलेल्या रीतीनेच काढलेला. मंडप रद्द झाला नाही, पण माईक गच्चीवर गेला.

एक नवीन अडचण आहे. ते स्टूल केंद्राचं नाही. मावशींनी २००५ च्या पावसाळ्यानंतर घरून आणलेलं आहे, खाली त्यांच्या सासऱ्यांचं नाव कोरलंय. त्या जाताना ते नेणार का, हे विचारायची कुणाची हिंमत होत नाही. साधारण एक वीत उंच, लाकडी, न डुगडुगणारं असं स्टूल मुंबईत कुठे करून मिळेल, कुणाला माहीत असेल तर सांगा. मापं घेऊन ठेवलीत.